दातात धरलेली दोरी

मी आयुष्यात नाटक लिहिलं नाही, पण दीड वर्ष चालवलं मात्र. प्रयोग दर रविवारी सकाळी अकराला, फोनवरून. प्रेक्षक एकच, माझी मुलगी. त्यामुळे प्रत्येक प्रयोग हाऊसफुल्ल.

मुलगी नोकरीसाठी हिंजवडीला राहते, म्हणजे तेव्हा राहत होती, दोन मैत्रिणींबरोबर. मी बिबवेवाडीला. नकाशात ही दोन्ही ठिकाणं एकाच शहरात दाखवतात. नकाशा काढणारा संध्याकाळी सहाला घरून निघालेला नसावा. तर आमची भेट महिन्यातून एकदा आणि फोन दर रविवारी. बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या वर्षातले ते फोन मला अजून पाठ आहेत.

"जेवलास का काल?"

"जेवलो."

"काय?"

"आमटीभात."

"आणि?"

"आणि लोणचं."

"शनिवारी काय केलंस?"

इथे मी थांबायचो. शनिवारी मी आठवड्याचे पाच शर्ट इस्त्री करायचो, कोथिंबीर आणायचो, ती निवडायचो, आणि मग कोथिंबिरीचं एकट्या माणसाला काय करायचं असतं हे न सुचल्यामुळे ती फ्रीजमध्ये ठेवायचो. हे काही सांगण्यासारखं नाही. रंगमंचावर नट वाक्य विसरला की घाम त्याच्याआधी पहिल्या रांगेला फुटतो. तसं माझ्या गप्प होण्यानं फोनच्या पलीकडे मुलीला काय होतंय ते मला ऐकू यायचं. आणि मी प्रेक्षकाला असं बसवून ठेवणारा माणूस नव्हे.

म्हणून एका रविवारी मी म्हणालो, "काल ना, तंबू ठोकला!"

"तंबू?"

"धरणाच्या काठावर. आम्ही गेलो होतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"ग्रुप आहे एक," मी म्हणालो, आणि पडदा वर गेला.

ग्रुप असा जमला. एक निवृत्त दातांचे डॉक्टर. ते चुलीपाशी बसून गात आणि वरच्या पट्टीचा सूर आला की नेमके पाणी प्यायला थांबत. एक बँकेतल्या बाई. त्या घरून ठेचा आणत, पण दोनदा मागितल्याशिवाय कुणाला देत नसत. आणि एक इंजिनिअर, ज्यांच्या घोरण्यामुळे त्यांचा तंबू चाळीस पावलं लांब ठोकायचा असा ठराव सर्वानुमते झाला होता. मुलगी हसली. फोनवर इतकी मोकळी हसली की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. असं हसू मी कमावून फार दिवस झाले होते.

मग काय, दर रविवारी नवा प्रवेश. "डॉक्टर कसे आहेत?" ती आपणहून विचारायला लागली. एप्रिलमध्ये मी डॉक्टरांचा पाय मुरगळला. तशी गरज नव्हती, पण त्या रविवारी प्रयोग जरा पडत होता. मुलीनं पुढचे दोन महिने त्या पायाची चौकशी केली. मला त्याला लेप लावावा लागला, काठी द्यावी लागली, हळूहळू चालवावं लागलं. स्वतःच्या पायाची मी इतकी काळजी कधी घेतली नव्हती. फोटो का नाहीत, असं एकदा तिनं विचारलं. "आमच्यात फोटोला बंदी आहे," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम." पुण्यात नियमाला कारण विचारायची पद्धत नाही, तिनंही विचारलं नाही.

एकच नियम मला स्वतःला जड गेला. धरणावर रेंज नसते, हे मी पहिल्याच रविवारी सांगून बसलो होतो. त्यामुळे शनिवारी दुपारी दोनला मी फोन बंद करायचो, तो रविवारी सकाळी चालू करायचो. प्रयोगात खोट राहू नये म्हणून. एरवीही तो शनिवारी वाजायचा असं नाही. पण वाजू शकत होता. आता तो टीव्हीशेजारी उपडा पडलेला असायचा, आणि मी अधूनमधून त्याच्याकडे बघायचो, आजारी माणसाला झोप लागली आहे ना हे बघावं तसं. रविवारी चालू केला की त्यात दोन-तीन जाहिराती येऊन पडायच्या. त्या मी पूर्ण वाचायचो.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, पुढच्या शनिवारी मी येते."

"ये की. बासुंदी आणतो."

"घरी नाही रे. धरणावर. तुमच्या ग्रुपबरोबर. मला डॉक्टरांना भेटायचंय."

माझ्या तोंडून ताबडतोब निघालं, "अगं, सगळे एका लग्नाला चाललेत."

"सगळे?"

"डॉक्टरांच्या मुलाचं लग्न आहे. इंजिनिअर आहेराचं बघतायत."

"तू नाही जाणार?"

"मला लग्नातलं जेवण सोसत नाही."

"मग आपण दोघंच जाऊ," ती म्हणाली. "तुझा तंबू आहेच."

तंबू नव्हता. सोमवारी जाऊन मी तो विकत आणला. दोघांचा, हिरवा, बॅडमिंटनच्या रॅकेटच्या पिशवीएवढ्या पिशवीत. घरी हॉलमध्ये उघडला. कापड सोफ्यावर चढलं, खुंट्या फरशीत जाईनात, आणि दांड्या जोडून लांब केल्या तर एक खिडकीबाहेर गेली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर बघून म्हणाले, "मासे पकडताय का?" सोसायटीच्या गच्चीवर सौरऊर्जेची पॅनेलं भरलेली आहेत. मला हवी होती माती आणि मोकळी जागा, आणि तिथे मला बघणारं सोसायटीतलं कुणी नको होतं.

तेव्हा मला मांडववाला आठवला. कॉलेजात आणि नंतर पुढे पंधरा-वीस वर्षं मी हौशी नाटकांचं नेपथ्य केलं. शनिवार पेठेतल्या एका तालमीच्या खोलीत आमचे लाकडी चौकटींवर कापड ताणलेले सेट तयार व्हायचे, आणि हा पोरगेलासा सुतार ते टेम्पोत चढवायचा. पुढे नाटकवाले दोन ठोकळे आणि एक दिवा यांवर भागवायला लागले, आम्हा नेपथ्यवाल्यांना बोलावणं बंद झालं. तो हुशार, मांडवाच्या धंद्यात गेला. त्याचं गोडाऊन लोणी काळभोरला आहे, शेजारी कापणी झालेलं शेत. बुधवारी रजा टाकून मी तंबू घेऊन तिथे हजर झालो.

"साहेब!" तो म्हणाला. "लगीन काढलं का काय?"

"शनिवारच्या आत तंबू ठोकायला शिकायचाय."

"ह्यो? ह्यो तर आमी टोपीसारखा घालतो." तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, चहा मागवला. "ठोका तुमी. बगू द्या."

मी ठोकला. नाट्यस्पर्धेत सेट लावायला दहा मिनिटं मिळायची, त्या तालावर, खडूनं दांड्यांवर आकडे घालून. अकराव्या मिनिटाला तंबू उभा! मी बाजूला होऊन हात पसरले. तो चहा पीत राहिला.

"दार कुणाकडं केलंय?"

दार त्याच्याकडे होतं. तो बसला होता ना तिथे.

"मी काय नाटक बगाय बसलोय व्हय? वारं ह्याच अंगानं येतंय. आन दोऱ्या निस्त्या मागनंच का बांदल्यात?"

मी बघितलं. खरंच, चारही दोऱ्या मी मागच्या बाजूला ताणल्या होत्या. समोर एकही नाही. सेटला टेकू मागूनच देतात, समोर दिला तर प्रेक्षकाला दिसतो. वीस वर्षांची सवय हातानं आपली आपणच करून टाकली होती.

"समोरनं दिसंल म्हून?" तो खुर्चीत हलून हलून हसायला लागला. "आवो साहेब, वारं काय तिकीट काढून समोर बसतंय?" तेवढ्यात वारा आला, आणि तंबूनं मागच्या मागे कोलांटी घेतली.

मग त्यानं शिकवलं. दाराची पाठ वाऱ्याकडे. खुंटी तिरकी, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं. दोरी चारी अंगांनी. पण खरी अडचण दांडीची होती. कापडाला शिवलेल्या लांब नळीतून दांडी सरकवत न्यायची आणि टोक पलीकडच्या कडीत बसवायचं. अलीकडून ढकलावं तर पलीकडून निसटतं. पलीकडे जाऊन बसवावं तर अलीकडचं उडतं.

"ह्याला दोन मानसं लागत्यात," तो म्हणाला. "पलीकडनं कुनीतरी धराय लागतं."

"तू ये ना."

"मी शनवारी येनार हाय का? लगनसराई हाय आमची. एकट्यानंच करा."

तर एकट्यानं बसवलं. अलीकडचं टोक टाचेखाली दाबायचं, कोपऱ्याची दोरी दातात धरून कापड ताणायचं, आडवं पडून हात लांब करायचा आणि पलीकडचं टोक कडीत घालायचं. हा दातांचा भाग माझा स्वतःचा. संध्याकाळपर्यंत मी सात वेळा तंबू ठोकला. सातव्या वेळी त्यानं मान डोलावली. "कशापायी चाललंय हे सगळं?" त्यानं विचारलं. मी सांगून टाकलं. सांगताना मला मजा येत होती, डॉक्टरांचा पाय तर मी करूनही दाखवला. तो हसला नाही. "पोरीला म्हाईत न्हाई तुमी एकटं बसता ते?" एवढंच म्हणाला, आणि कप विसळायला गेला.

शनिवारी दुपारी आम्ही तिच्या गाडीनं निघालो. गाडी तीच चालवत होती. धरणाच्या काठावर पोहोचलो तर तिथे रांगेनं तंबू आधीच उभे! तिथले लोक पैसे घेऊन तंबू आयते लावून देतात, आत गादी, उशी, बाहेर दिव्यांच्या माळा. हे मला माहीतच नव्हतं. दीड वर्ष दर शनिवारी जिथे गेलो, तिथली ही गोष्ट!

"तुम्ही यांच्यात राहत नाही?" तिनं विचारलं.

"छे! आम्ही पलीकडे. डॉक्टरांना गर्दी चालत नाही."

पलीकडे उतारावर जागा होती. मी ओलं बोट वर करून वारा बघितला, अगदी सावकाश, तिला दिसेल असा. ती कौतुकानं बघत होती. पिशवी उलटी केली, कापड एका झटक्यात पसरलं, दांड्या जोडल्या. पहिली दांडी नळीत सरकवली, टाचेखाली दाबली, दोरी दातात धरून आडवा झालो. आणि हात लांब केला तर पलीकडचं टोक जागेवर नव्हतं. मुलगी तिथे उकिडवी बसून ते धरून होती.

"शोड," मी दातातून म्हणालो.

"काय?"

"सोड, सोड. मला जमतं."

तिनं सोडलं. टोक उडालं. मी पुन्हा सुरुवात केली, तिनं पुन्हा धरलं. कुणी धरलं की कापड भलत्या बाजूला ताणलं जाई आणि माझं सगळं गणित चुके. मी पलीकडे माणूस असेल असं धरून बसवलंच नव्हतं. तिसऱ्यांदा मी जरा जोरात म्हणालो, "अगं, मध्ये नको येऊस! एकट्यालाच करू दे."

ती उठून उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्यात कुणी पलीकडून धरत नाही का?"

"प्रत्येकाचा आपापला तंबू असतो."

"म्हणून तू दोरी दातात धरतोस?"

मी हसलो. ती हसली नाही. पण तिनं विषय वाढवला नाही, पाण्याची बाटली काढली, दगडावर बसली आणि मला एकट्याला तंबू उभा करू दिला. उत्तम उभा राहिला. मांडववाल्यानंही नाव ठेवलं नसतं.

मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. ऑफिसनं जर्मनीला जाशील का विचारलंय. तीन वर्षं. मागच्या वर्षीही विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हटलं. तुला सांगितलं नाही."

"का नाही म्हटलंस?"

"तू एकटा होतास म्हणून. पण आता तुझं इतकं छान चाललंय. हे लोक आहेत. मग मी हो म्हणायचं ठरवलंय. सोमवारी कळवायचं आहे." तिनं फोन काढला. "फक्त मला डॉक्टरांचा नंबर दे. तुला काही झालं तर तिकडून मी कुणाला तरी फोन करू शकले पाहिजे."

मी म्हणालो, "डॉक्टर फोन वापरत नाहीत."

"बँकेतल्या बाईंचा दे."

"त्यांचा नंबर नुकताच बदलला."

"इंजिनिअर?"

तिचा अंगठा पडद्यावर तयार होता. इंजिनिअरांना मी दीड वर्षात नावसुद्धा दिलं नव्हतं. दहा आकडे बोलायला किती वेळ लागतो? मला कुठलेही दहा आकडे सांगता आले असते, तिनं ते जपून ठेवले असते, आणि एक दिवस जर्मनीतून घाबऱ्याघुबऱ्या ते लावले असते.

"ग्रुप नाहीये," मी म्हणालो.

"म्हणजे मोडला?"

"नव्हताच."

तिला कळायला वेळ लागला. मी बघत होतो, एकेक माणूस तिच्या चेहऱ्यावरून उठून जात होतं. "बाई नाहीत?" "नाहीत." "ठेचा?" "तो मी विकत आणून एकदा खाल्ला होता." "आणि डॉक्टरांचा पाय?" "तो बरा झाला," मी म्हणालो.

ती ओरडली. पलीकडच्या आयत्या तंबूंतली माणसं वळून बघायला लागली. "दीड वर्ष! मी ऑफिसात सांगते रे लोकांना, माझा बाबा असा आहे म्हणून. मैत्रिणींना डॉक्टर माहीत आहेत. मग मी रविवारी कुणाशी बोलत होते?"

"माझ्याशीच."

"नाही. तुझ्याशी नाही," ती म्हणाली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मी तंबूपाशी उभा होतो. टाळी पडेल म्हणून नट उभा राहतो तसा नाही. कुठे जायचं ते न कळल्यामुळे. दोऱ्या सगळ्या ताठ होत्या, तरी मी एकेक पुन्हा ओढून बघितली.

बऱ्याच वेळानं ती आली. डोळे धुतलेले होते. "मग शनिवारी तू काय करतोस? खरं सांग."

खरं सांगायची सवय नव्हती, त्यामुळे फार थोडक्यात सांगितलं. शर्ट. कोथिंबीर. झोप. आणि दोन वाजता फोन बंद करतो, ते.

"फोन कशाला बंद?"

"धरणावर रेंज नसते ना."

ती दगडावर बसली. "मला एका शनिवारी फार वाटलं होतं तुला फोन करावा," ती म्हणाली. "मैत्रिणी घरी गेल्या होत्या. मला ताप होता, भीती वाटत होती. मग म्हटलं, बाबा धरणावर असेल, कशाला उगाच. केलाच नाही."

ती अकरा मैलांवर तापात पडलेली, मी फोनकडे बघत बसलेला, आणि मधलं ते धरण मीच बांधलेलं.

संध्याकाळी आम्ही घरून आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. सकाळी तंबू उतरवताना मी काही म्हणायच्या आधीच तिनं पलीकडचं टोक धरलं, आणि मी तिला धरू दिलं. हळू झालं, पण झालं.

परत येताना घाट उतरल्यावर तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "उद्या कळवायचंय. मी जाऊ की नको?"

माझ्या तोंडात तीन भाषणं तयार होती. एक बापाचं, एक हसवणारं, एक अंगावर शहारा आणणारं. मी म्हणालो, "नको जाऊस असं वाटतं. जा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तिनं गियर बदलला. "बरं," ती म्हणाली.

मार्चमध्ये ती गेली. फोन रविवारी सकाळी अकरालाच येतो. तिकडे तेव्हा अगदी सकाळ असते, ती माझ्यासाठी गजर लावून उठते. पहिले काही फोन भयंकर होते. ती विचारायची, "काल काय केलंस?" मी म्हणायचो, "काही नाही." मग दोघंही फोन कानाला लावून बसायचो. तिच्या खिडकीखालून गाडी गेली की मला ऐकू यायची. तिनं एकदाही विषय बदलून मला सोडवलं नाही.

शनिवारी फोन चालू असतो. वाजतो असं नाही. एकदा वाजला, ती भाताला पाणी किती ते विचारत होती.

गेल्या रविवारी मी तिला सांगितलं, "काल दुपारी तीनला झोपलो तो सहाला उठलो. सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळेना. उठून दाढी केली."

"मग?"

"मग खाली मुलं क्रिकेट खेळत होती, म्हणून कळलं. दाढी फुकट गेली. चहा केला."

"मग?" ती म्हणाली. उशीत तोंड खुपसून ऐकत असावी, आवाज दबलेला होता.

दूध नासलं होतं असं म्हटलं असतं तर गोष्ट रंगली असती. दूध चांगलं होतं.

"मग प्यायलो," मी म्हणालो.